एकशेदहा एकर, रिकामे

कंपनीने नुसतं विचारलं होतं,
दुसरं मुख्यालय कुठे बांधू,
आणि दोनशे शहरांनी गुडघ्याला बाशिंग बांधलं.

आमच्या हार्लन फॉल्सनेही.
नदीतला गाळ नदीतच ठेवून
चौकातलं कारंजं आधी सुरू केलं.
बंद प्रेस-कारखान्याच्या भिंतीवर
तीन मजली हसरी मुलं रंगवली.
एकाचे दात मी जेवणाच्या सुट्टीत मोजले.
चाळीस भरले.

अर्ज मी टाईप केला. मी, रोझलिन कोवाल्चिक,
नगरभवनात बावीस वर्षं,
लग्नाचे दाखले, कुत्र्यांचे परवाने.

प्रश्न अकरा: विमानतळ किती मिनिटांवर?
पाणीखात्याचा एमेट डुप्री
रविवारी पहाटे साडेचारला निघाला
आणि हातात डोनट घेऊन परत आला.
एकोणीस, म्हणाला.
सोमवारी संध्याकाळी किती, ते मी विचारलं नाही.

प्रश्न चोवीस: कर किती वर्षं माफ कराल?
इथे रकाना लहान पडला.

प्रश्न सव्वीस: पाणी?
एमेट खिडकीबाहेर बघत राहिला.
कुठल्या गल्लीत शिशाचे नळ किती फूट,
झोपेतून उठवलं तरी सांगेल हा माणूस.
"मुबलक," तो म्हणाला.
"मुबलक लिही."

प्रश्न एकतीस: जागा. एकशेदहा एकर, सलग, रिकामी.
कारखाना, त्याचं पार्किंग, रेल्वेची गंजलेली साइडिंग,
ओढूनताणून एकशेचार झाले.
उरलेल्या सहांत चौदा घरं होती.
नकाशा करणारा टोबायस, उन्हाळी इंटर्न, गुणी पोरगा,
त्याने एक बटण दाबलं
आणि तिथे गवत उगवलं.
आमच्याकडे मे महिन्यातही इतकं हिरवं नसतं.

चौदातलं एक घर एमेटच्या आत्याचं.
व्हर्नेल आत्या, एक्याऐंशीची, दोन्ही गुडघे नवे.
लायब्ररीत प्रदर्शन लागलं तेव्हा
भिंग घेऊन नकाशापाशी बराच वेळ उभी होती.
मग म्हणाली, "माझं नासपतीचं झाड तरी ठेवायचं.
त्यांच्या लोकांना सावली झाली असती."
एमेटने तिला हात धरून गाडीत बसवलं.
गाडी वीस मिनिटं सुरू झाली नाही.
मी वरून बघत होते, त्याने किल्लीच फिरवली नव्हती.

नकार जानेवारीत आला. तीन ओळी.
पहिल्या ओळीत आमचं नाव हार्लेम फॉल्स.
दुसरीत, तुमच्या उत्साहाने आम्ही भारावलो.
तिसरीत, तुमची माहिती आम्ही जपून ठेवू.

ही तिसरी ओळ खरी असणार.
वीज किती उरते, किती कमी पगारावर माणूस कामाला येतो,
आठवीतल्या पोरांची गणितं कुठे चुकतात,
आम्ही किती वाकतो
आणि कुठवर वाकल्यावर मोडतो,
सगळं आम्हीच तर पुरवलं होतं,
रंगीत तक्ते जोडून, टपालखर्चासकट.

महापौर म्हणाले, अनुभव तरी मिळाला.
कारंजं त्याच आठवड्यात गोठलं.

मार्चमध्ये एमेटने सांगितलं ते असं:
तो आत्याकडे स्वयंपाकघरात बसला होता.
बाहेर गाडी थांबली, नासपतीला अगदी टेकून.
उतरलेला मुलगा परक्या गावचा, घाईत,
कुणाला काही न विचारता पायरीपर्यंत आला,
फाटकाची वर अडकणारी कडीसुद्धा
पहिल्याच झटक्यात उघडली त्याने.
खोक्यावर कंपनीचं चिन्ह.
खाली पत्ता, घर नंबर, गल्ली, पिनकोड,
व्हर्नेल या नावातले दोन्ही एल.

आत्याने सुरीने चिकटपट्टी कापली.
नळाला लावायची गाळणी होती.
एमेट उठला, पाना शोधला,
आणि सिंकखाली वाकून
काही न बोलता ती बसवायला लागला.